गवताच्या मुलखातील शाळा

डहाणू सोडून गाडी उत्तरेस घोलवडच्या बाजूला लागली की रुळांच्या पश्चिमेस चिकूच्या वाड्या, ताडांच्या रांगा आणि इराणी-पारशी बागायतदारांची कौलारू घरे थेट समुद्रापर्यंत पसरलेली दिसतात. पूर्वेस मात्र जमीन हळूहळू उंचावत जाते, भातखाचरे आखूड होत जातात, आणि त्यांच्या पलीकडे गवताळ माळांचा, पळस, साग आणि खैर यांचा रानमुलूख सुरू होतो. त्या चढणीच्या आरंभी कोसबाडची टेकडी आहे. रेल्वेने मुंबईशी जखडलेली नगदी पिकांची किनारपट्टी एका अंगास आणि वारली आदिवासींचे विखुरलेले पाडे दुसऱ्या अंगास, अशा दोन सृष्टींच्या सीमेवर ती उभी असल्यामुळे, भारतीय बालशिक्षणाच्या इतिहासात तिला जे स्थान लाभले ते केवळ योगायोगाचे मानण्यास माझे मन तयार होत नाही. हा प्रदेश पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू आणि उंबरगाव या तालुक्यांत मोडत असे. १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला, आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. दप्तरातील सीमा अशा सरकत राहिल्या, तरी पाड्यावरच्या माणसाचे वर्ष पावसाने, भाताने आणि गवताने आखून दिलेले होते, आणि ज्या शाळेची हकीकत येथे सांगावयाची आहे ती शाळा या वर्षाला शरण गेली म्हणूनच तगली.

गवताचा उल्लेख मी हेतुपुरस्सर करीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहर वाढले, तशी तेथील तबेल्यांतील म्हशींना आणि गाड्यांच्या घोड्यांना लागणाऱ्या वैरणीची मागणी वाढली, आणि ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील सावकार-जमीनदारांना भातापेक्षा गवत अधिक किफायतीचे वाटू लागले. याच काळात १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानाची हद्द आखली गेली, रानातील फांदी तोडणे आणि ढोरे चारणे हे परंपरागत हक्क परवानगीचे विषय झाले, आणि धान्यापायी काढलेल्या कर्जाच्या फेडीत वारल्यांच्या जमिनी एकामागून एक सावकाराच्या नावे चढत गेल्या. जो कालपर्यंत जमिनीचा धनी होता तो आज खंड देणारा कूळ झाला. आणि लग्नासाठी उचललेल्या चार पैशांपायी जो वर्षानुवर्षे मालकाच्या घरी राबे, त्याला लगीनगडी हे नाव पडले. सावकाराच्या बांधावर फुकट राबण्याची वेठ तर सर्वांच्याच वाट्याला होती. अशा व्यवस्थेत सहा-सात वर्षांचे मूल हे घरातील एक कामकरी माणूसच असते. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर वागवते, मुलगा आपली किंवा मालकाची ढोरे घेऊन माळावर जातो, आणि आईबाप दोघेही मजुरीला गेल्यावर रिकाम्या झोपडीत कोंबड्यांखेरीज कोणी उरत नाही.

सरकारी किंवा लोकल बोर्डाच्या शाळा या भागात अगदीच नव्हत्या असे नाही. परंतु जून महिन्यात हजेरीपट उघडणारी, सकाळी अकराला घंटा देणारी आणि दिवाळी-नाताळ-उन्हाळा अशा शहरी सुट्ट्यांवर चालणारी ती शाळा नेमक्या त्याच दिवसांत मुलाला बोलावीत असे, ज्या दिवसांत त्याचे घर त्याला सोडू शकत नव्हते. मूल आले नाही की पटावर गैरहजेरी पडे, गैरहजेरी साचली की नाव कमी होई, आणि वर्षअखेरीच्या अहवालात आदिवासींना शिक्षणाची आवड नाही असा शेरा उमटे. हा शेरा लिहिणारे सारेच निष्ठुर होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या मुलाची गैरहजेरी ते नोंदवीत होते, ते मूल त्या क्षणी कोठे आहे आणि काय करीत आहे, हे पाहण्यासाठी शाळेचा उंबरठा ओलांडून माळावर जावे असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले, आणि येथेच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याचे मोल ध्यानात येते.

ताराबाई मूळच्या माँटेसरी पद्धतीच्या. १९२३ पासून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेंझो या मजूरवस्तीत उघडले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पद्धतीचा हिंदुस्थानातील प्रवास काहीसा विषण्ण करणारा वाटेल. कारण येथे ती प्रथम सुखवस्तू घरांत शिरली, आणि तिची सुतारी कलाकुसरीची महागडी साधने पाहून खेड्यातील शिक्षक हात जोडून दूर उभा राहू लागला. हे ताराबाईंना बोचत असले पाहिजे. गांधीजींच्या नई तालीमचा विचार त्यांच्यासमोर होता, बालशिक्षण स्वस्त व खेड्याला झेपेल असे झाले पाहिजे हा आग्रह त्यांना पटलेला होता, आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर, दादरचा जम बसलेला संसार मागे ठेवून, २४ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचा आरंभ केला.

त्यांना याच वेळी अनुताई येऊन मिळाल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे १९१० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, नाशिक जिल्ह्यातील चांदवडला आणि नंतर बारा वर्षे पुण्याच्या हुजूरपागेत शिकविलेल्या या बाईंनी नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिकची परीक्षा दिली होती, आणि बी.ए.ची पदवी तर त्यांनी पुढे कोसबाडला असताना, १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी मिळविली. शिक्षण आयुष्याच्या कामाला जोडून, सवड काढून, तुटक तुटक घ्यावे लागते हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. गुराखी मुलाची अडचण त्यांना समजावून सांगण्याची कोणालाच गरज नव्हती.

केंद्र सुरू झाले त्या वर्षाचा आणखी एक संदर्भ आहे, तो बालशिक्षणाच्या इतिहासांतून बहुधा सुटलेला आढळतो. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लगीनगडी यांविरुद्ध उठाव झाला, आणि पावसाळा ओसरताच गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पेटला. त्याच ऑक्टोबरच्या १० तारखेस तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. म्हणजे ज्या हंगामात गवताच्या दरासाठी माणसे प्राणांस मुकली, त्याच हंगामाच्या अखेरीस, त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर, मुलांसाठी बालवाडी उघडली गेली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो, कारण दोहोंच्या प्रेरणा आणि माणसे वेगळी होती. परंतु दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांना एकच मूल भेटणार होते, आणि ते मूल कोणाच्या गवतामागे उभे आहे याचे उत्तर तलवाड्याकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

बोर्डी हे त्या मानाने सुधारलेले गाव. आचार्य भिसे यांच्यासारखा आदिवासींच्या सेवेला वाहून घेतलेला शिक्षक तेथे होता, आणि हायस्कूलही १९२० पासूनचे. तरीही हरिजन आणि आदिवासी वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकांनी साहित्य उचलून वस्तीतीलच एखाद्या अंगणात वर्ग भरविण्यास सुरुवात केली. प्रथम काम आंघोळीचे होते: नखे कापणे, डोके विंचरणे, खरूज धुणे, मग गाणे आणि मग गोष्ट. अक्षराची पाळी फार पुढे येई. साधनांचा प्रश्नही अंगणानेच सोडविला. शंखशिंपले, चिंचोके, ताडाची पाने, नदीतले गोटे, मातीचे गोळे यांतून लहानमोठे, हलकेजड, खरखरीत-गुळगुळीत हे सारे ज्ञान होऊ शकते, आणि ते रोमहून आलेल्या दट्ट्याच्या पेटीपेक्षा रतीभरही उणे नसते, हे ताराबाईंनी कृतीने दाखविले. माँटेसरीच्या तत्त्वाशी त्यांनी कोठेही बेइमानी केली नाही. तत्त्व ठेवून लाकूडकाम तेवढे सोडले.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलला, कुळकायद्याच्या दुरुस्तीनुसार, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्याचा कृषकदिन उजाडला होता. कागदावरचा हा बदल पाड्यापर्यंत पोचण्यास आणखी वर्षे लागणार होती, आणि टेकडीभोवतीचे बहुसंख्य वारली अद्याप पावसाळ्यात सावकाराकडून खावटी, म्हणजे पोटापुरते उसने धान्य, उचलणारे आणि हिवाळ्यात ती अंगमेहनतीने फेडणारे होते. बोर्डीला जी अंगणाची युक्ती पुरी पडली ती येथे अपुरी ठरली. अंगणात तीन-चार वर्षांची मुले सापडत. सात ते बारा वर्षांची मुले अंगणात नसतच, ती कुरणावर असत. तेव्हा वर्ग कुरणावर गेला. कुरणशाळा म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेली संस्था मुळात एवढीच होती: जेथे ढोरे चरतात तेथे शिक्षकाने जाऊन बसावे, मुलांनी एक डोळा ढोरांवर ठेवून त्याच्याभोवती जमावे, आणि एखादी गाय कोणाच्या खाचरात शिरू लागली तर गोष्ट अर्धी टाकून धावत जाण्याची मुभा असावी.

या शाळेचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होई. तत्पूर्वी वैशाखात राब भाजून झालेला असे, म्हणजे फांद्या, पाने, शेण आणि माती यांचे थर रचून रोपाच्या वाफ्यावर जाळलेले असत. त्या राबाच्या राखेत भात पेरले जाई, आणि रोप वितीएवढे झाले की ते उपटून खाचरात लावण्याची, म्हणजे आवणीची, घाई उडे. आवणीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत पाड्यावर मोठे माणूस म्हणून दिसत नाही. चिखलाने पायवाटा बुजतात, ओहोळ दुथडी भरतात, शिक्षकाला एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाणे मुश्किल होते; आणि नेमकी हीच वेळ गुराखी मुलाच्या सर्वांत कडक पहाऱ्याची, कारण भात उभे राहिल्यापासून कापले जाईपर्यंत ढोर मोकाट सोडता येत नाही. सपाटीवरची सारी जमीन पिकाखाली गेलेली असल्यामुळे ढोरे टेकडीच्या उतारावर, माळावर नेली जातात. इरली पाठीवर घेतलेली ती मुले पावसात उभी असत. त्यांच्यासमोर वनस्पतिशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे, अगदी भूगोलाचेही जे पुस्तक उघडे पडलेले होते त्याची पाने त्यांना शिक्षकाहून अधिक पाठ होती: वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट कधी चढतात, बांबूचे वास्ते कोणत्या बेटात कोवळे निघतात, टाकळा आणि कुर्डू यांची भाजी किती दिवस खाण्याजोगी राहते, आणि कडूकंद किती वेळा पाण्यात ठेवल्याने त्यातील विखार जातो. कुरणशाळेच्या शिक्षकाला हे ज्ञान मुलाकडून घ्यावे लागे, आणि त्याच ज्ञानाला संख्या, अक्षरे आणि नावे जोडून परत द्यावे लागे. माझ्या मते कोसबाडच्या साऱ्या प्रयोगातील सर्वांत गंभीर शैक्षणिक विचार येथे आहे. अनेकांनी त्याकडे गरिबीतून सुचलेली काटकसर म्हणून पाहिले आणि ते त्याच्या अर्ध्या मर्मालाच स्पर्श करून परतले.

मात्र आषाढ-श्रावणाचे हे वर्णन वाचून कोणी रम्य निसर्गशाळेचे चित्र मनात रंगवील तर तो मुलांवर अन्याय होईल. हे उपासमारीचे महिने. गेल्या वर्षीचे भात संपलेले, नवे अजून पोटरीत नाही, खावटीची नागली दुपारपर्यंत पुरत नाही, आणि कडूकंद रानात खणून आणावा लागतो तो चवीसाठी नव्हे. रिकाम्या पोटी आलेल्या मुलाला शिकविता येत नाही ही गोष्ट ताराबाई-अनुताईंनी फार लवकर ओळखली, आणि खाऊ हा बालवाडीच्या दिनक्रमाचाच भाग झाला.

भाद्रपद उलटून हळवे भात पिवळे पडले की मुलखाचा चेहरा पालटतो. नवे धान्य देवांना दाखविल्याशिवाय खावयाचे नाही हा वारल्यांचा दंडक; कणसरी ही त्यांची धान्यदेवता, आणि वाघदेवाची पूजा वाघबारशीला. रात्री तारप्याचा सूर लागे, वाजविणाऱ्याभोवती हातांत हात गुंफलेल्या स्त्रीपुरुषांची नागमोडी साखळी फिरे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुले अर्धवट झोपेत येत. ज्या समाजात चार वर्षांचे मूल तालावर पाय टाकते आणि लग्नाच्या चौकात आई तांदळाच्या पिठाने रेषा ओढताना पाहते, त्या समाजातील बालवाडीत संगीत आणि चित्रकला हे विषय बाहेरून आणावे लागत नाहीत.

त्यानंतरचा गवताचा हंगाम शाळेला जड जाई. दिवाळीनंतर माळ वाळू लागले की कापणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे मालकांच्या गवतावर जात; कापलेले गवत वखारींत दाबून, गाठी बांधून रेल्वेने मुंबईकडे रवाना होई. ढोरे आता कापलेल्या शेतांत मोकळी फिरत असत, म्हणजे गुराखी मुलगा हिशेबाने मोकळा व्हावयास हवा. पण मोकळा झालेला हात गवताच्या पेंढ्या बांधावयास लागे, आणि मुलीच्या कडेवरचे भावंड तर बाराही महिने तसेच. धाकट्याला सांभाळणारी मुलगी शाळेत यावी असे वाटत असेल तर धाकट्यालाही शाळेतच घ्यावे लागेल, या साध्या पण त्या काळी अपूर्व अशा विचारातून कोसबाडला विकासवाडी उभी राहिली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली. बहीण पाटीवर लिहीत असता भाऊ शेजारच्या खोलीत झोपलेला असे. पुढाऱ्यांच्या भाषणांनी मुलींचे शिक्षण जेवढे पुढे गेले नसेल तेवढे या व्यवस्थेने त्या टेकडीवर गेले असे मला निश्चयाने वाटते.

माघापासून पाडे ओस पडत. कोणी मक्तेदाराच्या कुपावर लाकूडतोडीला, कोणी मिठागरांवर, कोणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. मागे म्हातारी माणसे आणि काही मुले. फाल्गुनात मोहाची फुले वेचणे, शिमगा, आणि चैत्री पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा, तिच्या निमित्ताने पांगलेली माणसे थोडे दिवस परततात. जी मुले आईबापांबरोबर भट्टीवर गेली त्यांच्यापर्यंत कुरणशाळा पोचू शकली नाही, कारण कुरण पाड्याच्या हाकेच्या टापूत होते आणि भट्टी चाळीस मैलांवर.

कुरणशाळेविरुद्ध एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही: मुलाला ढोरांमागून सोडविण्याऐवजी ढोरांमागेच शिकविले, तर त्याच्या बालमजुरीला आपण मान्यता दिली असे होत नाही काय? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. मजुरीचा दर, जमिनीची मालकी आणि वेठीचा अंत हे प्रश्न शिक्षिकेच्या हातातले नव्हते. ते ज्यांनी हाती घेतले त्यांनी गोळ्या आणि तुरुंगवास पत्करला, आणि गोदावरीबाईंनी ती सारी कहाणी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितली. परंतु ते प्रश्न सुटेपर्यंत जी मुले मोठी होऊन जाणार होती त्यांना थांबण्यास सांगणे हेही न्याय्य नव्हते. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन वाचताना जाणवते की त्यांनी आपल्या कामाला क्रांतीचे नाव कधी दिले नाही. त्या मुलाच्या दिवसातील मोकळा तास शोधीत राहिल्या.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचा देहान्त झाला आणि टेकडीवरचा सारा भार अनुताईंवर आला, तो त्यांनी १९९२ पर्यंत वाहिला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभरातील गावोगाव पोचली. बोर्डीच्या अंगणातील आंघोळ, खाऊ आणि गाणे यांचा बराचसा वारसा तिच्यात उतरला. कुरण मात्र शासनाच्या कोणत्याच योजनेत शिरले नाही; अंगणवाडीचे वय सहा वर्षांना संपते, त्यापुढचे मूल प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर जाते, आणि तो पट अद्यापही जूनमध्येच उघडतो. ऋतूमागून जाण्याची ती कल्पना पुन्हा दिसली ती याच जिल्ह्यात, १९९० च्या दशकात, जेव्हा वसई तालुक्यातील उसगावच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या आदिवासी मजुरांच्या मुलांसाठी भट्टीजवळच भोंगाशाळा भरविल्या, आणि दिवाळीनंतर पाड्यावरून नाहीसे होणारे मूल निदान काही ठिकाणी आपल्या झोपडीशेजारीच पाटी घेऊन बसू लागले.